पद माझं, चावी दुसऱ्याच्या खिशात – तुमच्या ऑफिसात सत्ता नक्की कोणाकडे असते?

उन्हाची_तिरीप

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण खरंच अडकलेय.

चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मी आठ महिन्यांपूर्वी क्वालिटी हेड म्हणून जॉईन झाले. १४० च्या आसपास माणसं, मालकांची दुसरी पिढी. स्टोअरला एक अण्णा आहेत, थोरल्या मालकांच्या काळापासून, २४ वर्षं झाली. कागदावर सीनियर सुपरवायझर. पण कंपनीत काहीही अडलं की सगळे आधी अण्णांकडे जातात, अगदी प्रॉडक्शन मॅनेजरसुद्धा. गेजच्या (मापं तपासायच्या साधनांच्या) कपाटाची चावी त्यांच्या पँटच्या लुपला लटकवलेली असते. मला प्लग गेज हवा असेल तर मी माणूस पाठवायचा, अण्णा चहा संपवणार, मग उठणार.

मागच्या आठवड्यात एका लॉटचा बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, मोठा आला. २५ एच७, म्हणजे २५ मिमीच्या वर फक्त २१ मायक्रॉनची मुभा. नो-गो, म्हणजे माप बरोबर असेल तर आत जायलाच नको तो गेज, सरळ आत जात होता, मी स्वतः दहा पीस घालून बघितले, त्यातल्या चारमध्ये गेला. लाल टॅग लावून लॉट होल्डला टाकला आणि घरी गेले. सकाळी येऊन बघते तर टॅग नाही, लॉटही नाही, रात्रीच डिस्पॅच झालेला. सेकंड शिफ्टला बावीस वर्षांचा ट्रेनी इन्स्पेक्टर होता, तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, अण्णांनी सांगितलं."

एमडींकडे गेले. ते म्हणाले, जरा सांभाळून घ्या, अण्णा घरचेच आहेत.

आई-बाबांनी आम्हाला शिकवलं की आपण बरं आणि आपलं काम बरं. मी बारा वर्षं तसंच वागले. आता वाटतंय की माझी माणसं जोडणं, मालकांच्या कानावर गोष्टी घालत राहणं हे केलंच पाहिजे का? त्यालाच राजकारण म्हणतात ना? आणि ते न करता हे काम नीट होऊ शकतं का? तुमच्याकडे कसं आहे ते सांगा प्लीज.

भोसरीकर

प्रत्येक शॉपमध्ये एक अण्णा असतोच. आमच्याकडे त्याला मामा म्हणायचे.

एसी_२४

आमच्या ऑफिसात एसीचा रिमोट ज्याच्याकडे तो साहेब. बाकी सगळे स्वेटर घालून बसतात :)

हिंजवडी_फेज_तीन

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. "आपण बरं आणि आपलं काम बरं" हे वाक्य आपल्या मराठी मध्यमवर्गाने स्वतःचं नुकसान करून घ्यायला जपून ठेवलंय. मी सोळा वर्षं आयटीत आहे. पहिली सात वर्षं मान खाली घालून कोड लिहिला, दर वर्षी रेटिंग मधलं. का, तर बेल कर्व्ह. टीममध्ये दहा जण असले की दोघांना वरचं, एकाला खालचं द्यायचंच, मग सगळ्यांनी जीव तोडून काम केलेलं असो. ही कल्पना जॅक वेल्च यांनी जीईमध्ये गाजवली, वरचे २०, मधले ७०, खालचे १० टक्के. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ती सोडून दिली पण आपल्याकडच्या कितीतरी कंपन्या त्यानंतरही तेच करत राहिल्या. आता अशा पद्धतीत मॅनेजर बंद खोलीत बसून आपल्या माणसासाठी भांडतो. त्या खोलीत तुमचं नाव घेणारं कोणी नसेल तर तुमचं काम कितीही चांगलं असो, ते त्या खोलीत पोचतच नाही. हे कळल्यावर मी दर महिन्याला मॅनेजरच्या मॅनेजरला अर्धा तास भेटायला लागलो. काय केलं, काय अडलं ते सांगायचो. कोणाची चुगली कधीच केली नाही. ह्याला राजकारण म्हणायचं असेल तर म्हणा, मला त्यात लाज वाटत नाही.

सातारची_आक्का

वरच्या प्रतिसादाशी अर्धी सहमत. भेटणं, बोलणं ठीक. पण ज्याला भेटायला, बोलायला जमत नाही, ज्याची भाषा बुजरी आहे, त्याने काय करायचं? पद्धतच अशी पाहिजे की त्याची गरज पडू नये.

आम्ही जिल्हा परिषदेच्या शिक्षिका. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला बदलीचा हंगाम आला की अर्धे शिक्षक शाळेत आणि अर्धे कोणाकोणाच्या वाड्यावर. सभापती, सदस्य, संघटनेचे पदाधिकारी, ज्याची जिथे ओळख. फिल्डिंग लावायची म्हणतात ना, तशी. मी डोंगरातल्या एका शाळेवर नऊ वर्षं काढली, एसटी फाट्यापर्यंत, पुढे चार किलोमीटर पायी, पावसाळ्यात ओढा आला की त्या दिवशी वस्तीवरच मुक्काम. आणि माझ्यासोबत लागलेली एक बाई नऊच्या नऊ वर्षं हायवेवरच्या शाळेत. २०१७ च्या शासन निर्णयानंतर बदल्या ऑनलाइन झाल्या, अवघड क्षेत्रात किती वर्षं झाली ते मोजलं जायला लागलं, आणि मी पहिल्यांदा कोणाच्याही पाया न पडता खाली आले. ऑर्डर मोबाईलवर आली तेव्हा मी वर्गातच होते, पोरांनी विचारलं बाई का रडताय.

टिकटिक

पण आक्का, ऑनलाइन झाल्यावर बदलीत प्राधान्य मिळणाऱ्या संवर्ग एकमध्ये बसायला आजारपणाची सर्टिफिकेटं, संवर्ग दोनमध्ये पती-पत्नी एकत्रीकरणासाठी अंतराचे दाखले, ह्यात काय कमी घोळ झाले? वशिल्याने फक्त दार बदललं.

सातारची_आक्का

@टिकटिक, झाले घोळ, नाही कोण म्हणतंय. पण खोटा दाखला हा कागद असतो, तो तपासता येतो, त्यावर तक्रार करता येते. वाड्यावरच्या शब्दावर कुठे तक्रार करणार?

टिपणीकार

आक्कांनी नेमकं बोट ठेवलं. मी ३३ वर्षं सरकारी कचेरीत काढून निवृत्त झालो, लिपिक ते कक्ष अधिकारी. त्या अनुभवावरून लिहितो, थोडं लांबेल.

बाहेरच्यांना वाटतं सही करणाऱ्याच्या हातात सत्ता असते. सही शेवटी येते. आधी टिपणी लिहिली जाते आणि ती लिहितो खालचा माणूस. कुठला नियम उद्धृत करायचा, कुठलं जुनं प्रकरण जोडायचं आणि कुठलं जोडायचं नाही, हे तो ठरवतो. वरचे चार साहेब त्याच टिपणीखाली "मान्य" लिहीत जातात. म्हणून हुशार अधिकारी नवीन ठिकाणी रुजू झाला की पहिल्या आठवड्यात टिपणी कोण लिहितं ते बघून घेतो.

दुसरं हत्यार म्हणजे "चर्चा करा". फाईल नाकारायची नाही, मंजूर करायची नाही, समासात हे दोन शब्द लिहून खाली पाठवायची. चर्चेला गेलं की साहेब मीटिंगमध्ये. पुन्हा गेलं की दौऱ्यावर. मी एका विधवा बाईंची निवृत्तिवेतनाची फाईल अशी पाच वेळा खालीवर झालेली पाहिलीय, आणि शेवटी ती मी स्वतः हातात घेऊन साहेबांच्या गाडीपाशी उभा राहिलो. झारीतले शुक्राचार्य म्हणतात ते हेच.

ह्यावर उपाय नाहीत असं नाही. महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा कायदा आहे. एका टेबलावर फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये, आणि नेहमीच्या बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल-मेमध्ये, साधारण तीन वर्षांच्या कार्यकाळानंतर, मध्येच करायची तर कारणं लेखी नोंदवायची. पळवाटा काढतात, पण ज्याला लढायचंय त्याच्या हातात काहीतरी आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेत अधिकाऱ्यांना सांगितलंय की तोंडी आदेशावर काम करू नका, मिळालाच तर त्याची लेखी नोंद करा. मी तर त्याच्या कितीतरी आधीपासून हे करत होतो. साहेबांनी फोनवर काही सांगितलं की फोन ठेवल्या ठेवल्या टिपणीवर लिहायचो, "मा. साहेबांनी दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेनुसार". निम्म्या सूचना मग आपोआप मागे घेतल्या जायच्या.

ताई, तुमच्याकडे "अण्णांनी सांगितलं" हे कुठेही लिहिलेलं नाही. तुमची खरी अडचण तिथे आहे.

ओंजळ

टिपणीकार काका, तुमचं वाचून "ध चा मा" आठवलं. आनंदीबाईंची ती गोष्ट खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवू, पण १७७३ साली शनिवारवाड्यात जे घडलं ते लोकांनी अडीचशे वर्षं एका अक्षराच्या रूपात लक्षात ठेवलंय. मजकूर ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात, हे आपल्या माणसांना फार आधीपासून माहीत आहे.

बाजीरावरोड

आणि गारदी वाड्यात घुसले ते थकलेल्या पगारासाठी, हेही विसरू नका. पगार थकवला की कुठल्याही ऑफिसात वाडा हलतो.

रात्रपाळी

मी नर्स आहे, मोठ्या हॉस्पिटलमध्ये. आमच्याकडे सत्ता म्हणजे ड्युटी लिस्ट.

डॉक्टरांचं नाव मोठं पण आमचं आयुष्य इन्चार्ज सिस्टरच्या त्या एका कागदावर. नाईट कोणाला, ऑफ कधी, नाईट संपवून दुसऱ्या दिवशी लगेच मॉर्निंग कोणाला लावायची. आमच्या वॉर्डची लिस्ट पेन्सिलने लिहायच्या. शेजारी खोडरबर. कोणी जरा उलट बोललं की संध्याकाळी लिस्ट बदललेली. गौरी-गणपतीला तीन वर्षं मला ऑफ नाही आणि ज्या दोघीतिघी त्यांच्यासाठी घरून डबा आणायच्या त्यांना सलग चार दिवस. भांडायला जावं तर म्हणायच्या "अगं तुझा ऑफ तर लिहिलाच नव्हता". आणि खरंच, कागदावर काही नसायचंच, नीट बघितलं तर खोडल्याची खूण फक्त.

आम्ही सात जणी एकत्र मेट्रनकडे गेलो आणि एकच मागणी केली. इन्चार्ज बदला म्हणालो नाही, कोणाची तक्रार केली नाही. लिस्ट पेनने लिहा आणि २५ तारखेला भिंतीवर लावा, बदल केला तर शेजारी सही. बस. मेट्रनलाही नाही म्हणता येईना, त्यात नाही म्हणण्यासारखं होतं काय? त्या महिन्यापासून अर्धा त्रास कमी झाला. डबे अजून येतात, पण लिस्ट डब्यावर ठरत नाही.

एक विनंती करते ताई. त्या ट्रेनी मुलाला ह्यात साक्षीदार करू नका. तो सगळ्यात खालचा, तुमच्या दोघांच्या भांडणात त्याचंच सगळ्यात आधी काहीतरी होईल. मी स्टुडंट असताना माझं झालेलं आहे.

उन्हाची_तिरीप

@रात्रपाळी, बरं झालं लिहिलंत. मी उद्या त्याच्याकडून लिहून घेणार होते. नाही घेत.

म्युनिकची_ताई

रात्रपाळी, तुमची पेन्सिल वाचून अंगावर काटा आला. इथे जर्मनीत बेट्रीब्सराट म्हणून कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ असतं, किमान पाच कायम कर्मचारी असले की निवडता येतं. पाळ्या कशा लावायच्या, कामाची वेळ कधी सुरू, कधी संपणार ह्यावर त्यांची संमती लागते, साहेब एकट्याने ठरवू शकत नाही. कोणाला काढायचं तर आधी त्यांचं म्हणणं ऐकावंच लागतं, न ऐकता काढलं तर ते रद्दच. मी आले तेव्हा मला हे सगळं फार संथ, कटकटीचं वाटायचं. मग माझ्या टीममधल्या एकीला गरोदरपणाच्या काळात दुसऱ्या प्रोजेक्टवर ढकलायला निघाले होते आणि मंडळाच्या बाईंनी एका मीटिंगमध्ये ते थांबवलं. पण खरं सांगू का, राजकारण इथेही आहेच. मंडळाच्या निवडणुकीत केवढे गट असतात! फरक एवढाच की ते उघड्यावर होतं.

गिरणगावचा_नातू

निवडून दिलेलं मंडळ आणि नेमलेला मुकादम ह्यातला फरक आमच्या घराने तीन पिढ्या बघितलाय.

आजोबा परळच्या गिरणीत बदली कामगार. बदली म्हणजे आत्ता वर बोलताय ती ट्रान्सफर नव्हे, रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. निवडणार जॉबर, म्हणजे मुकादम. आजोबा सांगायचे, भोंग्याआधी दोनशे माणसं गेटवर, जॉबर बाहेर येणार, तोंडाने काही बोलणार नाही, नुसतं बोट. तू, तू, तू. बाकीच्यांनी घरी. त्या बोटासाठी माणसं त्याला दस्तुरी (वरकमाईचा हप्ता) द्यायची, गावाहून आंबे-काजू आणून द्यायची, त्याच्याच ओळखीच्या खोलीत भाड्याने राहायची, त्याच्याच माणसाकडून व्याजाने पैसे घ्यायची. मालकाला आजोबांनी आयुष्यात दोनदा लांबून पाहिलं. जॉबरला रोज. आता सांगा साहेब कोण? १९५० मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची योजना आली, त्याने ते बोट जरा आखडलं, पण वजन काही लगेच गेलं नाही.

वडील १८ जानेवारी १९८२ च्या संपात होते. अडीच लाख कामगार बाहेर. लोकांना वाटतं तो फक्त पगार-बोनसचा संप. वडिलांच्या बोलण्यात मात्र कायम एक गोष्ट यायची की आमच्या वतीने बोलणार कोण, हे आम्हाला ठरवता येत नव्हतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, बोलणी तिनेच करायची. कामगार युनियन नेते डॉक्टर दत्ता सामंतांकडे गेले तरी टेबलावरची खुर्ची दुसऱ्याचीच. पुढे काय झालं सगळ्यांना माहीत आहे. त्या गेटच्या जागी आज मॉल आहे, मी तिथे जात नाही.

कायदा_वाचा

वरच्याला जोडून. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाने काय करणं अनुचित आहे त्याची यादी आहे. आकसाने बदली करून ती धोरणाच्या नावाखाली खपवणं त्यात आहे, आणि गुणवत्ता न बघता एका गटावर मेहेरनजर दाखवणं हेही आहे. म्हणजे ज्याला आपण सहज "साहेबाचा माणूस" म्हणून सोडून देतो त्याची दखल कायद्याने अर्धशतकापूर्वी घेतलीय. मी अशा बदलीच्या दोन केसेस कामगारांच्या बाजूने चालवल्यात, एक जिंकलो. धागाकर्त्या ताई मॅनेजर असल्यामुळे ह्यात बसत नाहीत, पण वाचणाऱ्यांपैकी कोणी बसत असेल म्हणून लिहिलं.

कोथिंबीर

सगळे कागदाचं बोलताय, मी टपरीचं बोलते.

आमच्या ऑफिसात सगळे निर्णय टपरीवर होतात. अकरा वाजता आणि चार वाजता साहेब आणि पाचसहा पुरुष खाली जातात, चहा-सिगरेट, वर येतात तेव्हा ठरलेलं असतं. मीटिंगमध्ये मी बोलायला लागले की "ते झालं आमचं बोलून". मी एक दिवस मुद्दाम गेले तर अशी शांतता पसरली की मीच चहा अर्धा टाकून वर आले. आम्ही बायका जेवायला एकत्र बसतो, त्याला मात्र "लेडीज गॉसिप" म्हणतात.

अबोली_पणजी

अगदी हेच. अनुमोदन. आणि हळदीकुंकवाची वर्गणी, फेअरवेलचा केक, साहेबांच्या मुलीच्या लग्नाचं प्रेझेंट, हे सगळं बायकांकडे.

हिंजवडी_फेज_तीन

@कोथिंबीर, मी त्या टपरीवरच्या पुरुषांपैकीच एक आहे असं आता जाणवतंय. वर मी जे ऐटीत लिहिलं की भेटा, बोला, त्यात मला ती जागा आयतीच मिळाली होती, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्यापासून एवढं तरी करीन की खाली काही ठरलं तर वर येऊन ग्रुपवर टाकीन आणि "अजून ठरलेलं नाही" असं लिहीन.

मायक्रॉन

मूळ धाग्याकडे येऊ. मी अनेक वर्षं ऑटो कंपन्यांचे सप्लायर ऑडिट केलेत.

ताई, तुमच्या कंपनीकडे आयएटीएफ १६९४९, म्हणजे ऑटो उद्योगाचं क्वालिटीचं सर्टिफिकेट, असणारच, त्याशिवाय बहुतेक मोठे कस्टमर माल घेत नाहीत. त्यातलं कलम ५.३.२ काढून वाचा. क्वालिटीची जबाबदारी असलेल्या माणसाला शिपमेंट थांबवण्याचा आणि प्रॉडक्शन थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि सगळ्या शिफ्टमध्ये असा जबाबदार माणूस हजर असला पाहिजे. मापाबाहेर गेलेला बोअर कस्टमरच्या लेखी परवानगीशिवाय पाठवता येत नाही. तुम्ही टॅग लावलात तो अधिकारानेच लावला. तो अधिकार मालकांनी सर्टिफिकेटसाठी लिहून दिलाय, भिंतीवर लावलाय, आणि बहुतेक कोणी वाचला नाहीये.

आज रात्रीच एक मेल लिहा. चार ओळी. अमुक लॉट, दहापैकी चार पीसमध्ये नो-गो गेला, मी होल्ड केला, सकाळी डिस्पॅच झालेला आढळला, कस्टमरला कळवून सेगरेगेशन (खराब पीस वेगळे काढणं) करायचं का ते सांगा. अण्णांचं नाव नको, विशेषणं नकोत. हे बेअरिंग बसण्याचं बोअर असेल तर गंमत नाही, सैल बसलं की रस्त्यावर कोणीतरी गाडी चालवत असतं.

स्टोअरचा_माणूस

मी सहसा लिहीत नाही, नुसतं वाचतो. पण मी अण्णा आहे. म्हणजे तुमच्या कंपनीतला नाही, दुसरीकडचा. २६ वर्षं स्टोअर.

तो लॉट सोडला ते चूकच, त्यात दोन मतं नाहीत. मी सोडला नसता. पण चावीबद्दल सांगतो. माझ्या नोकरीत सात क्वालिटी हेड आले आणि गेले. प्रत्येकाला वाटतं स्टोअरवाला आडमुठा आहे. एका साहेबांच्या काळात कपाट उघडं असायचं, दोन गेज आणि एक बोअर डायल गायब झाला, साहेब नोकरी सोडून गेले आणि वसुली माझ्या पगारातून झाली, अकरा महिने. पोरगी दहावीला होती. त्या दिवसापासून चावी माझ्या कमरेला. मला बढती मिळणार नाही हे मला माहीत आहे, डिप्लोमा नाही म्हणून. खुर्ची मिळत नाही, पगार बेताचा, मग माणूस जे हातात आहे ते घट्ट धरतो. त्या चावीमुळे लोक मला नाव घेऊन हाक मारतात मॅडम.

तुमच्या अण्णांना एकदा विचारा, चावी तुमच्याकडे कधीपासून आणि का. माणूस पाठवून नको, स्वतः जाऊन.

सातारची_आक्का

दादा, नमस्कार तुम्हाला. नीट लिहिलंत.

टिपणीकार

@स्टोअरचा_माणूस, मनापासून पटलं. मी कागदाचं एवढं सांगितलं पण ज्याच्या नावावर कागदात फक्त वसुली येते तो कागदावर विश्वास का ठेवील, हा मुद्दा माझ्याकडून राहिलाच.

भोसरीकर

हे सगळं ठीक आहे पण चार पीसमध्ये नो-गो गेला तो लॉट कोणाच्या सांगण्यावरून गेला? अण्णा एकटे ट्रक सोडत नाहीत. प्रॉडक्शन मॅनेजर गप्प का आहेत?

एसी_२४

हे माझ्याही मनात आलं होतं. महिनाअखेर होती का?

उन्हाची_तिरीप

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. तीन दिवसांनी लिहितेय, उशीर झाला.

मेल त्याच रात्री पाठवला, मायक्रॉन सरांनी सांगितला तसा चार ओळींचा, एमडी आणि प्रॉडक्शन दोघांना. सकाळी दहाला एमडींचा फोन, आवाज चढलेला, लेखी कशाला दिलंत म्हणून. मी ५.३.२ चं पान उघडूनच बसले होते, वाचून दाखवलं. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले कस्टमरकडे माणूस पाठवा. आमची दोन मुलं तिथे बसून शंभर टक्के तपासतायत, आत्तापर्यंत लॉटमधले ३८ पीस बाहेर काढले. लाईनवर अजून काही चढलं नव्हतं, देवाची कृपा.

आणि भोसरीकर, हो, महिनाअखेर होती. डिस्पॅचचा आकडा भरायचा होता. सांगणारे अण्णा नव्हते, प्रॉडक्शन मॅनेजर होते. त्यांनी अण्णांना फोन केला, अण्णांनी पोराला सांगितलं. नाव अण्णांचं झालं.

हे मला अण्णांनीच सांगितलं. मी काल चारच्या चहाला त्यांच्या स्टोअरमध्ये गेले, लोखंडी स्टूलवर बसले आणि विचारलं, चावी कधीपासून तुमच्याकडे. ते बराच वेळ बिनकार्ड (मालाच्या नोंदीचं कार्ड) निरखत बसले. मग कपाट उघडून आतल्या बाजूला चिकटवलेला एक पिवळा पडलेला कागद दाखवला. थोरल्या मालकांच्या अक्षरात गेजची यादी, ४१ नग, खाली अण्णांची सही. म्हणाले, "हे माझ्या अंगावर आहेत मॅडम. तुमच्या आधीच्या साहेबांना सांगितलं होतं, यादी नवीन करा, अर्धे गेज झिजलेत. कोणी केली नाही." आठ महिन्यांत मी त्या कपाटाच्या आत एकदाही डोकावले नव्हते हो.

शनिवारी आम्ही दोघं बसून नवीन यादी करतोय. दोघांच्या सह्या. घेतला-ठेवला असं रजिस्टर कपाटाला बांधायचं, पेनने :) आणि लाल टॅगवर सोडणाऱ्याची सही आणि वेळ, सही नसेल तर गेटवर गाडी थांबणार, हे एमडींकडून लेखी मागितलंय. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. प्रॉडक्शन मॅनेजर माझ्याशी बोलत नाहीयेत.

रात्रपाळी

तो ट्रेनी मुलगा कसा आहे?

उन्हाची_तिरीप

कामावर आहे. त्याला जनरल शिफ्टला घेतलंय, माझ्या शेजारच्या टेबलावर.

मायक्रॉन

टॅगच्या सहीचं उत्तर लांबलं तर आठवण म्हणून तोच मेल पुन्हा पाठवा, नवीन लिहू नका. आणि कपाटाची दुसरी चावी कोणाकडे आहे ते बघा. प्रत्येक कपाटाला दोन असतात.

उन्हाची_तिरीप

विचारलं. प्रॉडक्शन मॅनेजरांच्या ड्रॉवरमध्ये आहे.